पाठ रस्त्याकडे, लक्ष लेकराकडे : वाशिम जिल्ह्यातील एक प्रवास

वाशिम जिल्हा अकोल्यापासून वेगळा झाला तो १ जुलै १९९८ रोजी. वाशिम, मालेगाव, रिसोड, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा असे सहा तालुके या जिल्ह्यात आहेत. सोयाबीन आणि तुरीचा हा मुलूख बहुतांशी पावसाच्या भरवशावर जगतो. बाहेरगावी कुणाला जिल्ह्याचे नाव सांगितले, तर "म्हणजे अकोल्याकडे का?" असे हमखास विचारले जाते. पण याच वाशिमचे प्राचीन नाव वत्सगुल्म. वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी येथे होती. पाचव्या शतकात याच शाखेचा राजा हरिषेण याचा मंत्री वराहदेव याने अजिंठ्याचे सोळा क्रमांकाचे लेणे भिक्षुसंघासाठी कोरवून दिले. तेथील शिलालेखात तशी नोंद आहे.

त्या काळी या भागातल्या वाटांवरून माणसे पायी आणि बैलगाडीने जात. आमच्या लहानपणी एस.टी. होती आणि काळी-पिवळी जीप होती. आता आपल्या वस्तीतही कुणाच्या दारात जुनी का होईना, चारचाकी उभी दिसते. मुलगा किंवा जावई पुण्याला कंपनीत लागला की तो दोन-तीन वर्षांत हप्त्यावर गाडी घेतो. ही आनंदाची गोष्ट आहे. ज्यांच्या आजोबांना गावच्या सार्वजनिक रस्त्यावरून चालतानाही अंग चोरावे लागे, त्यांची नातवंडे आज स्वतःच्या गाडीने लग्नाला जातात. मात्र गाडी दारात आली म्हणजे गाडीची शिस्तही आपोआप घरात येते असे नाही. या उन्हाळ्यात वाशिमहून कारंजाला एका लग्नासाठी गेलो आणि मंगरूळपीरमार्गे परत आलो. त्या एका दिवसात जे पाहिले आणि जे उमगले, ते आपल्या माता-भगिनींच्या आणि तरुण बंधूंच्या उपयोगाचे आहे असे वाटल्यावरून हा लेख लिहीत आहोत.

वाशिम : गाडी सुटण्याआधी

आमच्यासोबत दोन गाड्या होत्या. एक भाड्याची जीप. तिच्यात मोठी माणसे सात आणि लहान मुले चार. दुसरी, पुण्याहून आलेल्या आमच्या भाचीची लहान मोटार. तिला दीड वर्षाचा मुलगा आहे. त्याच्यासाठी तिने मागच्या सीटवर बाळाची वेगळी खुर्ची बसवलेली होती. आमच्या गल्लीतल्या बायांना तिचे फार नवल वाटले. "लेकराला बांधून ठेवता का?" असे एकीने विचारलेही. भाचीने हसून उत्तर दिले, "मावशी, मांडीवरचं लेकरू धक्क्याला हातात राहत नाही."

तिचे म्हणणे हिशेबाने खरे आहे. गाडी ताशी ५० किलोमीटर वेगात असताना समोर आदळली, तर दहा किलोच्या मुलाचा भार त्या क्षणापुरता अडीच-तीन क्विंटलांसारखा जाणवतो. सोयाबीनची तीन-चार पोती एकदम अंगावर आली, तर ती कोणत्या आईच्या हातांना थोपवतील? म्हणून मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती होऊन १९४-ब हे कलम आले. चौदा वर्षांखालील मुलाला सीटबेल्ट किंवा मुलांसाठीची खास खुर्ची यांपैकी काही नसेल, तर गाडी चालवणाऱ्याला एक हजार रुपये दंड आहे. मुलाची उंची साधारण १३५ सेंटिमीटर होईपर्यंत मोठ्यांचा पट्टा त्याला नीट बसत नाही. तो गळ्यावर आणि पोटावर येतो. तोपर्यंत वजन-उंचीप्रमाणे खुर्ची किंवा उंच बैठक वापरायची असते.

निघताना एक गोष्ट बघण्यासारखी घडली. जीप गल्लीतून उलटी बाहेर काढायची होती. चालक वयाने मोठा, अनुभवी माणूस. गाडीत बसण्याआधी तो जीपच्या भोवती पूर्ण एक फेरी मारून आला, खाली वाकून चाकांकडे पाहिले आणि मग म्हणाला, "आधी लेकरं मोजा. कोण कुठं हाय ते सांगा, मंग मी चावी फिरवतो." चारपैकी तीन मुले दिसत होती. चौथी पोरगी मागच्या चाकाजवळ बसून चपलेचा पट्टा लावत होती! आरशात ती दिसली नसती. लग्नाच्या घाईत कुणी डबे ठेवत असतो, कुणी आहेर शोधत असतो, आणि प्रत्येकाला वाटते की लेकरू दुसऱ्याजवळ आहे. गाडी मागे घेण्यापूर्वी सगळी मुले एक तर गाडीत, नाही तर एका ठरलेल्या माणसाच्या हाताशी असली पाहिजेत. त्या चालकाच्या एका फेरीला अर्धा मिनिटही लागला नव्हता.

मालेगाव : दार कोणत्या बाजूचे?

वाशिमहून अकोल्याच्या रस्त्याने निघाले की मालेगाव लागते. नाशिकच्या मालेगावाशी घोटाळा होऊ नये म्हणून याला मालेगाव जहांगीर म्हणतात. येथे अकोला-वाशिम-हिंगोली हा मार्ग आणि नागपूरकडून मेहकर, संभाजीनगरकडे जाणारा जुना महामार्ग एकमेकांना भेटतात. दिवसभर ट्रक, ट्रॅक्टर, एस.टी. आणि दुचाकींची रीघ असते.

मालेगावात चहासाठी थांबलो. बाळाने रडून गोंधळ घातला, म्हणून भाचीने त्याला खुर्चीतून काढले, पाणी पाजले आणि परत बसवायला घेतले. खुर्ची चालकाच्या मागे, म्हणजे उजव्या बाजूला होती. गाडी रस्त्याच्या डाव्या कडेला उभी. साहजिकच उजवे दार उघडले ते थेट वाहत्या रस्त्यावर. भाची अर्धी आत वाकलेली, पाठ रस्त्याकडे, हात पट्ट्यात, कान बाळाच्या रडण्यात. मागून उसाने लादलेल्यासारखा डुलत एक ट्रक आला आणि तिच्या पदराला वारा लावून गेला.

आमच्या मोठ्या वहिनी चहाचा कप तसाच ठेवून उठल्या. तिच्यापाशी जाऊन म्हणाल्या, "पोरी, तू तुयं काम कर. मी इथं उभी हावो. गाडी आली की सांगतो." त्या शिकलेल्या नाहीत, जन्मभर दुसऱ्याच्या वावरात निंदण-खुरपण केलेल्या. पण या सबंध विषयाचे मर्म त्यांनी एका वाक्यात सांगितले. मुलाला पट्टा लावणाऱ्या माणसाची पाठ जगाकडे असते. त्याला त्या वेळी ना रस्ता दिसतो, ना माणसे दिसतात. म्हणून त्या अर्ध्या-एक मिनिटापुरते दुसऱ्या कुणाचे तरी डोळे त्याच्या पाठीशी उभे पाहिजेत.

नंतर जावईबापूंनी दहा मिनिटे खर्चून खुर्ची डाव्या बाजूला बसवली. आपल्याकडे वाहने डावीकडून चालतात. त्यामुळे कडेला थांबल्यावर डावे दार रस्त्याच्या नव्हे, कडेच्या बाजूला उघडते. खुर्ची एकच असेल तर ती मागच्या सीटवर डावीकडे लावावी. पाठमोरी खुर्ची असेल तर ती पुढच्या सीटवर, चालू एअरबॅगसमोर, कधीही ठेवू नये. एअरबॅग फुटताना तिचा फटका थेट खुर्चीच्या पाठीवर बसतो.

शेलूबाजार : समृद्धीवर चढताना

मालेगावहून कारंजाच्या दिशेने येताना शेलूबाजार हा मोठा चौक लागतो. अकोल्याकडून मंगरूळपीरला जाणारा रस्ताही येथेच आडवा येतो. आता त्याच्या जवळच समृद्धी महामार्गावर चढण्या-उतरण्याची सोय झाली आहे. नागपूर ते शिर्डी हा समृद्धीचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी सुरू झाला आणि ५ जून २०२५ रोजी शेवटचा टप्पा खुला होऊन ७०१ किलोमीटरचा सारा मार्ग पूर्ण झाला. वाशिम जिल्ह्यात हा मार्ग मालेगाव, मंगरूळपीर आणि कारंजा तालुक्यांतून जातो. ज्या शेतांमधून तो गेला, तेथे आपल्या अनेकांच्या आयाबायांनी मजुरी केलेली आहे.

आम्ही भाचीच्या मोटारीत बसून शेलूबाजारहून समृद्धीवर गेलो. गुळगुळीत रस्ता, दोन्ही बाजूंना कुंपण, मोटारींना ताशी १२० किलोमीटरपर्यंत मुभा. दुचाकी आणि तीनचाकीला बंदी. या वेगात कडेला उभी केलेली गाडी मागून येणाऱ्याला फार उशिरा कळते. बाळ रडले, त्याने खांद्यातून पट्टा काढला, तरी येथे मध्येच कडेला थांबून पट्टा लावणे म्हणजे संकटाला आवतण देणे आहे. भाचीने त्याची सवय लावून घेतली होती. चढण्यापूर्वीच शेलूबाजारला सुरक्षित जागी थांबून पट्टा पाहिला, दोन बोटे आत जातील इतकाच सैल ठेवला, बाळाच्या हाती खेळणे दिले, आणि मागच्या सीटवर त्याच्या शेजारी आमच्या सौ. बसल्या. लहान मुलांकडून दार आतून उघडू नये म्हणून मागच्या दाराच्या कडेला एक खटका असतो. तोही लावलेला होता.

मागे बसलेल्यांनी पट्टा लावायचा, हे अजून पुष्कळांना पटत नाही. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांची गाडी धडकली. ते मागच्या सीटवर होते आणि त्यांनी पट्टा लावलेला नव्हता. त्यात त्यांचा अंत झाला. गाडी किती महागाची, याला मग काही अर्थ उरत नाही. ज्याने पट्टा लावला नाही त्याला धक्का सारखाच.

कारंजा : दुपारचे ऊन

कारंजा हे जुने व्यापारी शहर. जैनांची जुनी मंदिरे, नृसिंह सरस्वतींचे स्थान, कापसाचा आणि धान्याचा बाजार. गावाजवळच्या सोहोळच्या माळावर काळविटांचे अभयारण्य आहे. आम्ही पोहोचलो तेव्हा ऊन माथ्यावर होते. मंडपाच्या आजूबाजूला पंचवीस-तीस गाड्या उभ्या. मुले त्यांच्यामधून लपाछपी खेळत होती.

येथे एक दुःखद घटना सांगावीशी वाटते. जून २०२३ मध्ये नागपूरच्या एका गरीब वस्तीतून तीन लहान मुले खेळता खेळता दिसेनाशी झाली. घरचे, शेजारचे, पोलीस सारे शोधत राहिले. दुसऱ्या दिवशी ती मुले सापडली घराजवळच उभ्या असलेल्या एका बंद गाडीत, गुदमरून गेलेली. शोधणारे लांब पाहत होते आणि लेकरे हाकेच्या अंतरावर होती. उन्हात उभ्या बंद गाडीतली हवा फार लवकर तापते. जी काही वाढ व्हायची ती बहुतेक पहिल्या अर्ध्या तासातच होते, आणि काच चार बोटे खाली ठेवल्याने फारसा फरक पडत नाही. लहान मुलाचे शरीर मोठ्यापेक्षा झपाट्याने तापते. म्हणून झोपलेले बाळ "दोन मिनिटांत येतो" म्हणून गाडीत ठेवू नये. उभी गाडी नेहमी कुलूपबंद असावी आणि चावी मुलांच्या हाताला लागू नये. मूल हरवले तर सर्वात आधी जवळच्या गाड्या, त्यांच्या डिक्क्या, विहीर आणि पाण्याची टाकी पाहावी.

उन्हात उभ्या गाडीच्या बकलाचे लोखंडही चुलीवरच्या उलथण्यासारखे तापते. मुलाला बसवण्याआधी बकलावर आणि खुर्चीवर आपला हात ठेवून पाहावा, दोन्ही दारे उघडून हवा खेळू द्यावी. भाची सावलीतच गाडी लावत होती आणि खुर्चीवर पांढरा पंचा टाकून ठेवत होती.

निघतानाची गर्दी आणि एक भिक्षेकरी

लग्न आटोपले. संध्याकाळी निघण्याची एकच धांदल उडाली. पाहुण्यांची मुले, शिदोरीचे डबे, आहेराच्या पिशव्या, सगळे एका ठिकाणी. बायका पर्स गाडीच्या टपावर ठेवून लेकरांना आत बसवत होत्या. दाराला चावी लटकत होती, मोबाईल सीटवर पडला होता. अशा वेळी लांब उभा राहून पाहणाऱ्याला काय उचलायचे ते सहज कळते.

तेवढ्यात एक भगव्या कफनीतला म्हातारा, खांद्याला झोळी, भाचीच्या गाडीजवळ येऊन उभा राहिला. भाची आत वाकलेली होती. तिने मागे पाहिले आणि ती दचकली. दोन तरुण धावले. एकाने त्याची झोळी धरली. "पोरं पळवणारा दिसतो," असे कुणीतरी बोलले. बघता बघता पंधरा-वीस जण गोळा झाले. आम्ही आणि वहिनी मध्ये गेलो. म्हातारा जेवण मागत होता, एवढेच. वहिनींनी त्याला बुंदी आणि पुऱ्या दिल्या आणि तो गेला.

बंधूंनो, हा प्रसंग लहान वाटेल. पण १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे अशाच एका आरोळीने पाच माणसांचा जीव घेतला. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, मंगळवेढा भागातून भिक्षा मागत आलेले गरीब लोक होते. मोबाईलवरून पसरलेल्या अफवेने जमावाने त्यांना मुले पळवणारे ठरवले आणि ठेचून मारले. भटक्या माणसाचे कपडे, त्याची बोली, त्याची झोळी हाच त्याच्याविरुद्ध पुरावा झाला. ज्या समाजाने पिढ्यानपिढ्या केवळ जन्मावरून संशय सोसला, त्याने तरी कुणाकडे त्या नजरेने पाहू नये.

मग सावध राहायचे म्हणजे काय करायचे? माणसाचा वेष न पाहता त्याची वागणूक पाहायची. कुणी उगाच फार जवळ येतो का, दोन-तीन वेळा गाडीभोवती घिरट्या घालतो का, आपण मागे सरलो तरी तो मागे येतो का? तसे वाटले तर पट्टा लावण्याचे काम सोडावे, मुलासह गाडीत बसावे, दारे आतून लावावीत, गाडी माणसांच्या वर्दळीत न्यावी आणि मोठ्याने हाक द्यावी. पोलिसांसाठी ११२ आणि मुलांसाठी १०९८ हे क्रमांक आहेत. कायदा हातात घेण्याचा अधिकार कुणालाही नाही. बाबासाहेबांनी दिलेल्या संविधानाने जीविताचा हक्क त्या झोळीवाल्यालाही दिलेला आहे.

मंगरूळपीर : एकट्या आईचे काय?

परत येताना मंगरूळपीरमार्गे आलो. पीर हयात कलंदर यांच्या दर्ग्यावरून या गावाच्या नावात पीर आला. बिरबलनाथ महाराजांचे मंदिरही येथेच आहे, आणि दोन्ही ठिकाणी सर्व धर्मांची माणसे येतात. रात्री पेट्रोल पंपावर थांबलो. तेथे एक तरुण बाई, नर्स असावी, दोन मुलांसह एकटीच होती. तिची पद्धत आम्ही लक्ष देऊन पाहिली. दिव्याखाली, पंपावरच्या माणसांना दिसेल अशा जागी तिने गाडी लावली. एकदा चारी बाजूंना पाहिले. चावी खिशात, मोबाईल दुसऱ्या खिशात. आधी मोठ्या मुलाला आत बसवले. मग धाकटीला घेऊन ती स्वतः मागच्या सीटवर बसली, दार आतून लावले आणि तेव्हा कुठे पोरीचा पट्टा आवळला. पाठ बाहेर राहिलीच नाही. राखणीला दुसरे माणूस नसेल, तेव्हा ही रीत उत्तम.

त्याच पंपावर तीन जण एका दुचाकीवर होते आणि तीन वर्षांचे पोर टाकीवर झोपलेले होते. आपल्यापैकी बहुतेकांची गाडी ही दुचाकीच आहे, हे आम्ही विसरलेलो नाही. चार वर्षांखालील मुलाला दुचाकीवर नेताना चालवणाऱ्याच्या अंगाला जोडणारा पट्टा, मुलाच्या मापाचे हेल्मेट आणि ताशी ४० किलोमीटरपेक्षा कमी वेग, असा नियम १५ फेब्रुवारी २०२३ पासून लागू आहे. हा पट्टा बांधतानाही तेच. गाडी रस्त्याच्या खाली, मुख्य स्टँडवर, इंजिन बंद. एकाने गाडी धरावी, दुसऱ्याने पट्टा बांधावा, आणि धरणाऱ्याने रस्त्याकडे तोंड ठेवावे.

घरोघरी पाळण्यासारखे

वाशिमला पोहोचेपर्यंत रात्रीचे अकरा वाजले. त्या दिवसात जे पाहिले ते थोडक्यात सांगतो. गाडी कडेला, उजेडात, सपाट जागी लावा. चाकांभोवती एक फेरी मारा आणि लेकरे मोजा. चावी हातात किंवा खिशात ठेवा, पर्स आणि मोबाईल टपावर नको. मुलांना रस्त्याच्या विरुद्ध बाजूच्या दाराने बसवा. एक जण पट्टा लावील, तेव्हा दुसरा पाठीशी उभा राहील आणि मोबाईलवर बोलणार नाही. एकटे असाल तर आत बसून दार लावा आणि मग पट्टा आवळा. उतरताना पुन्हा लेकरे मोजा आणि मागच्या सीटवर एकदा नजर टाका.

याला पैसा लागत नाही. बाळाची खुर्ची घ्यायला काही हजार रुपये लागतात आणि सर्वांना ते जमणार नाहीत. ज्यांना जमेल त्यांनी एआयएस-०७२ ही खूण पाहून घ्यावी, आणि मूल मोठे झाल्यावर, अपघात न झालेली, न तडकलेली खुर्ची नात्यातल्या दुसऱ्या लेकराला द्यावी. पण राखणीला उभे राहायला खुर्चीही लागत नाही आणि शिक्षणही लागत नाही. बहुतेक घरांत लेकराला गाडीत बसवण्याचे काम आईवर टाकून पुरुष मंडळी समोरच्या सीटवर जाऊन बसतात, हॉर्न वाजवतात आणि "आटप लवकर" म्हणतात. आमची तरुण बंधूंना विनंती आहे की, पुढच्या वेळी हॉर्नवरचा हात काढा, खाली उतरा आणि तिच्या मागे, रस्त्याकडे तोंड करून उभे राहा. एवढे घरोघरी सुरू झाले, तरी या लेखाचे सार्थक झाले असे आम्ही समजू.